गायकानं गावातच राहायचं?

“मुलगा चांगला होता, पण आता आपला राहिला नाही.” दिलजित दोसांझबद्दलचा हा निकाल मी २०२१च्या ऑगस्टअखेरीस फाटकाशी उभ्याउभ्या ऐकला. निकाल देणारे गृहस्थ आमचे शेजारी. मूळचे मोगा जिल्ह्यातले, बँकेतून निवृत्त झालेले, गेली तीसेक वर्षं चंदीगडच्या सेक्टर ३८मध्ये राहणारे. मी त्यांना अंकलजी म्हणते, ते मला पुत्तर म्हणतात. त्याच महिन्यात दिलजितचा ‘मूनचाइल्ड एरा’ हा अल्बम आला होता. नातवाच्या फोनवर त्यातली दोन गाणी ऐकून अंकलजी खिन्न झाले होते. “यात तुंबी कुठंय? ढोल कुठंय? मातीचा वास कुठंय?”

पुढच्या काही आठवड्यांत हेच बोलणं मी जागोजागी ऐकलं. पंजाब विद्यापीठाच्या स्टुडंट सेंटरबाहेर चहा पिताना, मोहालीतल्या एका लग्नात, इतकंच काय, इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीतसुद्धा. माणसं वेगळी, पण शब्द तेच तीन: पिंड, मिट्टी, विरसा. गाव, माती, वारसा. लोकगायक पॉपकडे वळला, म्हणजे त्यानं या तिन्हींशी बेइमानी केली, असा एकूण सूर.

या तक्रारीविरुद्ध मला लिहायचं आहे. अल्बम थोर आहे म्हणून नव्हे. तो मला मध्यम वाटतो, आणि का वाटतो ते पुढे सांगणार आहे. पण ही तक्रार इतिहासाला धरून नाही, करणाऱ्याला फुकटात पुण्य मिळवून देणारी आहे आणि तिच्या पोटात एक अन्याय दडलेला आहे. मी मराठी बाई, पंजाबी मला कानानं शिकावी लागली, तेव्हा या भांडणात पडायचा मला अधिकार काय, असं कुणी विचारेल. अधिकार एवढाच, की हीच तक्रार मी माझ्या भाषेतल्या गाण्यांबद्दल वर्षानुवर्षं करत आले आहे.

ज्यांनी हे नाव फक्त सिनेमातून ऐकलं आहे त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. दिलजितचा जन्म १९८४चा, जालंधर जिल्ह्यातल्या दोसांझ कलां गावचा. लहानपण गाव आणि लुधियाना यांत वाटलेलं. सुरुवात गुरुद्वाऱ्यातल्या कीर्तनानं. पहिला अल्बम २००४मध्ये आला. पगडीवर, पंजाबीवर आणि गावाकडच्या बोलण्याच्या लकबीवर त्यानं कधी पडदा टाकला नाही, म्हणून तो लोकांना आपल्यातला वाटत राहिला. २०२०च्या ‘गोट’नं कॅनडातल्या बिलबोर्डच्या यादीपर्यंत मजल मारली. वर्षभरानं आलेल्या ‘मूनचाइल्ड एरा’मध्ये इंटेन्स या संगीतकारानं सिंथेसायझरचा, संथ, रात्री गाडीत लावावा असा आवाज बांधला. बरेचसे शब्द राज रणजोधचे. गाण्यांची नावं ‘लव्हर’, ‘व्हाइब’, ‘ब्लॅक अँड व्हाइट’ अशी इंग्रजी, आतली भाषा मात्र पंजाबी.

ही तक्रार काही पंजाबात जन्मलेली नाही. शनाया ट्वेननं १९९७मध्ये ‘कम ऑन ओव्हर’ काढला, तेव्हा अमेरिकेबाहेर विकायच्या आवृत्तीतून फिडल आणि स्टील गिटार कमी करून तो आणखी पॉप करण्यात आला आणि कंट्रीवाले चिडले. टेलर स्विफ्टनं २०१२च्या ‘रेड’मध्ये स्वीडनच्या मॅक्स मार्टिनला हाताशी धरलं, तेव्हा ही नॅशव्हिलची राहिली का, असं विचारलं गेलं. गंमत अशी, की ‘मूनचाइल्ड एरा’नंतर तीनच महिन्यांनी, नोव्हेंबर २०२१मध्ये, तिनं तोच ‘रेड’ पुन्हा ध्वनिमुद्रित करून काढला आणि श्रोत्यांनी हरवलेलं माणूस घरी परत यावं तसं त्याचं स्वागत केलं. कालचा गुन्हा नऊ वर्षांत ठेवा झाला होता.

तेव्हा पहिला प्रश्न असा, की आम्हांला ‘जुना दिलजित’ हवा आहे म्हणजे नेमका कुठला? २००९मध्ये त्यानं यो यो हनी सिंगबरोबर ‘द नेक्स्ट लेव्हल’ केला, तो आज जुन्यात जमा आहे. त्याच्याही आधीच्या गाण्यांत की-बोर्ड आणि यंत्रावरचे ताल भरलेलेच आहेत. आणखी मागे जाऊ. १९८०च्या दशकाच्या तोंडावर जालंधर दूरदर्शनवर गुरदास मान डफली घेऊन नाचत-गात आला, तेव्हा कुलदीप माणकच्या कलींवर वाढलेल्या कानांना तो नक्कीच उथळ वाटला असणार. आज गुरदास मान म्हणजे साक्षात विरसा.

ज्या तुंबीची आठवण काढून अंकलजी हळहळले, तिची तरी गोष्ट काय आहे? एका तारेचं हे वाद्य आज ज्या रूपात आपण ओळखतो, त्याचं श्रेय लालचंद यमला जट्ट यांना दिलं जातं, आणि ते वारले १९९१मध्ये. म्हणजे पंजाबच्या मातीचा हा अनादि आवाज माझ्या शेजाऱ्यांच्या वडिलांच्या पिढीत घडला. पेटी तर युरोपातून आली. १९४०मध्ये आकाशवाणीनं ती परकी म्हणून हद्दपार केली आणि ती बंदी पुढं तीसेक वर्षं टिकली. दरम्यान पेटीशिवाय कीर्तन कसं होणार, असं वाटण्याइतकी ती पंजाबात मुरली. इतकी, की २०२२मध्ये अकाल तख्ताच्या जथेदारांनी दरबार साहिबातल्या कीर्तनातून तीन वर्षांत पेटी काढून मूळची तंतुवाद्यं आणावीत असं सांगितलं, तेव्हा पुष्कळ भाविकांना पेटी जाणं हाच परंपराभंग वाटला. लग्नांत आणि कॉलेजच्या स्पर्धांत दिसणारा भांगडासुद्धा स्वातंत्र्यानंतर, १९५०च्या दशकात, दिल्लीतल्या प्रजासत्ताक दिनाच्या सोहळ्यांसाठी निरनिराळ्या नाचांतून बेतला गेला.

यावर कुणी सतिंदर सरताजचं नाव पुढं करतो: बघा, हा कसा राहिला शुद्ध! सरताजची गायकी मलाही आवडते. पण त्याची सूफी गायकी गावातून उचलून आणलेली नाही. तो पंजाब विद्यापीठात, म्हणजे चंदीगडच्या सेक्टर १४मध्ये, सूफी गायनावर पीएच.डी. केलेला आणि तिथंच शिकवलेला माणूस. त्याची शुद्धता ग्रंथालयात कमावलेली आहे, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. सांगायचं ते एवढंच, की जिला आपण माती म्हणतो ती पुष्कळदा कुणीतरी, कुठल्यातरी शहरात, अलीकडेच मळलेली असते.

इतिहासाचा मुद्दा इथं सोडते, कारण तो सोपा आहे. तक्रार कोण करतं, हा त्याहून अवघड.

चंदीगड हे शहर गावं उठवून उभं राहिलं. १९५०च्या दशकात ल कॉर्बुझिएच्या आराखड्यासाठी अनेक गावांची जमीन घेतली गेली, पुढं आणखी गावं गेली. जी वाचली ती सेक्टरांच्या चौकटीत अडकून पडली. अटावा सेक्टर ४२मध्ये आहे, बुड़ैल सेक्टर ४५मध्ये. रुंद रस्ते, रांगेनं झाडं, आणि मधेच गल्ल्यांचा, विजेच्या तारांच्या जाळ्याचा, भाड्याच्या खोल्यांचा एक तुकडा. आम्ही सेक्टरवाले तिथं स्वस्तात मोटारसायकल दुरुस्त करायला किंवा कामाला बाई शोधायला जातो. मुलांना मात्र तिथं फिरू देत नाही. म्हणजे खरंखुरं पिंड आमच्या शहराच्या पोटात आहे आणि ते आम्हांला नकोसं आहे. आम्हांला हवं ते गाण्यातलं पिंड: मोहरीचं शेत, चरखा, विहीर, आई. राहायला सेक्टर आणि ऐकायला गाव.

अंकलजींनी मोगा सोडलं, त्यांच्या मुलानं चंदीगड सोडून ब्रॅम्प्टन गाठलं. मी सांगली सोडली. या सगळ्याला आम्ही प्रगती म्हणतो. मात्र दोसांझ कलांचा मुलगा लॉस एंजेलिसचा आवाज आपल्या गाण्यात आणतो, तेव्हा त्याला आम्ही गद्दारी म्हणतो. आम्ही निघून आलो, त्याची भरपाई त्यानं तिथंच थांबून करायची. गावाकडचं घर बंद करून किल्ली शेजाऱ्याकडे ठेवावी आणि अधूनमधून फोन करून, घर झाडता ना, असं विचारावं, तसं आपण लोकगायकाशी वागतो.

इथवरचं भावनेचं झालं. आता त्यातला अन्याय.

‘माती’ ही कसोटी लावली की कोण उत्तीर्ण होतं ते बघा. गाण्याच्या सुरुवातीला तुंबीचा चार सेकंदांचा तुकडा टाकला, मग जट्टाची शान, ट्रॅक्टर, एकरी जमीन, बंदूक आणि वैर आलं, की गाणं ‘देसी’ ठरतं. लग्नात आजोबाही त्यावर हात वर करून नाचतात. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाला २०१९मध्ये दारू, अमली पदार्थ आणि हिंसेचा गौरव करणारी गाणी कार्यक्रमांत वाजू देऊ नका, असं पोलिसांना बजावावं लागलं, ती बहुतेक गाणी या कसोटीवर पहिल्या वर्गात उतरली असती. आणि ती याचिका लढवणारा माणूस कोण? सेक्टर ४६च्या सरकारी महाविद्यालयात शिकवणारे पंडितराव धरेन्नवर, मूळचे कर्नाटकातले, पंजाबी शिकून घेतलेले. त्यांच्या बंदीच्या मार्गाशी माझे मतभेद आहेत. गाणी पोलिसांकडे सोपवू नयेत असं मला वाटतं. पण त्यांनी निदान गाण्यात काय म्हटलंय ते ऐकलं. विरशाचे राखणदार फक्त त्यात काय वाजतंय ते ऐकत होते.

उलट ‘मूनचाइल्ड एरा’तली साधी प्रेमगाणी, ज्यांत कुणी कुणावर गोळी झाडत नाही, ती नापास. कारण तुंबी नाही.

दुसरी गोष्ट अधिक जुनी आणि अधिक कडू आहे. ही माती कुणाची? पंजाबात अनुसूचित जातींचं प्रमाण जवळपास ३२ टक्के आहे, देशातल्या कुठल्याही राज्याहून जास्त. शेतजमीन मात्र त्यांच्या नावावर नगण्य. पंजाबी लोकसंगीताची मोठी नावं पाहा. कुलदीप माणक म्हणजे लतीफ मोहम्मद, मुसलमान घरातला. अमरसिंग चमकीला म्हणजे धनीराम, दलित घरातला, लुधियान्यात कापडाच्या कारखान्यात काम करणारा. ज्यांनी गायलं त्यांच्यापैकी कितीतरी जणांकडे ती जमीन नव्हतीच, जिचा वास आता आपण गाण्यात शोधतो. चमकीला जिवंत असताना त्याच्यावर आरोप काय होता? तो अश्लील गातो, विरसा नासवतो. ८ मार्च १९८८ रोजी मेहसमपुरात त्याला आणि त्याची पत्नी अमरज्योत हिला अखाड्याच्या तोंडाशी गोळ्या घातल्या गेल्या. मारेकरी कधीच सापडले नाहीत. श्रोत्यांच्या नाराजीनं बंदूक चालवली असं मी म्हणत नाही. पण विरशाच्या नावानं एखाद्या गायकाला समाजाबाहेर काढण्याची भाषा आपण वापरतो, तेव्हा ती कुणाकुणाच्या हाती पडू शकते याची आठवण असावी. २०२४मध्ये इम्तियाज अलीच्या ‘अमरसिंग चमकीला’मध्ये चमकीलाची भूमिका कुणी केली? दिलजितनं. आमच्या अंकलजींनी तो सिनेमा दोनदा पाहिला. डोळे पुसत म्हणाले, “असे गायक आता होत नाहीत.”

मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगायची गरज पडू नये. प्रल्हाद शिंदे आणि त्यांच्यानंतर आनंद शिंदे यांनी भीमगीतांत कव्वालीचा ढंग आणला, फिल्मी चालींशी नातं जोडलं, आणि आता १४ एप्रिलच्या मिरवणुकीत तीच गाणी डीजेच्या भिंतींवर वाजतात. सुशिक्षित मराठी माणूस कानांवर हात ठेवून म्हणतो, ही काय लोकपरंपरा? पण ज्यांना गावाच्या परंपरेनं वेशीबाहेर ठेवलं, त्यांनी गावचीच चाल सांभाळत बसावं ही अपेक्षा कुठल्या तोंडानं करायची? जालंधरची गिनी माही रविदासिया समाजाची, बाबासाहेबांची गाणी गाते, ती पॉप आणि रॅपच्या ठेक्यावरच. जातीचं जे नाव शिवीसारखं वापरलं जात होतं, तेच ती अभिमानानं गाण्यात घेते. तिला तुंबीवाल्या मातीत जागा नव्हती, ठेक्यात मिळाली. बाहेरचा आवाज आला की वारसा बुडतो असं म्हणणाऱ्यांनी आधी सांगावं, वारशात कुणाकुणाला धरलं होतं.

या सगळ्यावर मला मिळालेलं सर्वांत वजनदार उत्तर एका विद्यार्थिनीचं होतं. ती संगरूरकडची. तिचे वडील २०२०च्या हिवाळ्यापासून टिकरीच्या सीमेवर जाऊन-येऊन होते. ती म्हणाली, “मॅम, तुमचं सगळं खरं असेल. पण आमचे बापलोक अजून रस्त्यावर बसलेत आणि हा चंद्राची गाणी गातोय.” दिलजित स्वतः डिसेंबर २०२०मध्ये सिंघूला जाऊन शेतकऱ्यांसमोर उभा राहिला होता, हे तिलाही ठाऊक होतं. तरी तिला ते लागलं होतं. मी गप्प बसले, कारण तिच्या बोलण्यात माती-वारशाचा नाटकीपणा नव्हता. तिचं घर खरोखर पणाला लागलं होतं.

नंतर विचार करताना मात्र लक्षात आलं, की तिची तक्रार सिंथेसायझरबद्दल नव्हतीच. आंदोलनाची गाणी आठवा. कंवर ग्रेवालचं ‘ऐलान’ इतकं झोंबलं, की फेब्रुवारी २०२१मध्ये ते यूट्यूबवरून गायब झालं. श्री बराडनं लिहिलेलं, अनेक गायकांनी मिळून गायलेलं ‘किसान अँथम’ तर थेट शहरी ठेक्यावर बांधलेलं होतं. ट्रॅक्टरांवर स्पीकर लावून तेच वाजवलं जात होतं आणि तिच्या वडिलांच्या वयाची माणसं त्यावर मुठी उगारत होती. तेव्हा कुणी विचारलं नाही, तुंबी कुठंय म्हणून. गाणं आपल्या बाजूचं आहे की नाही, हे वाद्यावरून ठरत नाही हे त्या थंडीत सीमेवर बसलेल्यांना कळलं होतं. सेक्टरांत बसलेले आम्ही ते विसरलो. आणि गायकानं एकदा लोकांच्या बाजूनं उभं राहिल्यावर पुढं प्रेमगीत गायचंच नाही, हा नियम मात्र मी त्या मुलीसाठीसुद्धा मान्य करणार नाही. टिकरीच्या तंबूंतल्या पोरांच्या फोनमध्ये प्रेमगीतं नव्हती असं थोडंच आहे.

दुसरी बाजूही आहे आणि तिचाही मला तितकाच कंटाळा आहे. ‘इतके कोटी लोकांनी ऐकलं, तुमच्या मताला कोण विचारतो’ असं म्हणणारी. कोटींचा आकडा हा अभिप्राय नाही, तो हिशोब आहे. हिशोब कंपनीनं ठेवावा. श्रोत्यानं कान ठेवावेत.

आणि कान ठेवले, तर राखणदारांच्या तक्रारीत एक खरी गोष्ट सापडते, जी ते स्वतः नीट मांडत नाहीत. पॉपच्या तीन मिनिटांत वाद्य हरवलं नाही, गोष्ट हरवली. माणकची कली म्हणजे हीर-रांझ्याच्या, मिर्झा-साहिबाँच्या किश्श्यातला एखादा पेच. एखादी भावजय दिराला टोमणा मारते, एखादा जोगी भिक्षेला येतो, आणि ऐकणाऱ्याला पुढचं-मागचं सगळं माहीत आहे असं धरून गायक थेट मधूनच सुरू करतो. ढाडी तर ढड्ड-सारंगीवर उभा राहून तासन् तास इतिहास सांगतो. ती ऐकण्याची सवय, ती सामायिक स्मृती, हे सगळं आटत चाललंय. तो तोटा खरा आहे. मला तो आपल्याकडच्या पोवाड्यावरून आणि वगावरून ओळखता येतो.

पण तो तोटा भरून काढायचा तर काय करावं लागेल? ढाडी जथ्याला पैसे देऊन बोलवावं लागेल. सेक्टर १६च्या पंजाब कला भवनात किंवा सेक्टर १८च्या टागोर थिएटरमध्ये लोककलेचा कार्यक्रम असतो, तेव्हा जाऊन बसावं लागेल. मी जेव्हा जेव्हा गेले आहे, तेव्हा पुढच्या दोन रांगा पाहुण्यांच्या आणि मागच्या कितीतरी रिकाम्या असं पाहिलं आहे. ‘मूनचाइल्ड एरा’नं विरसा बुडवला म्हणणाऱ्यांपैकी एकही ओळखीचा चेहरा मला तिथं दिसला नाही. दिलजितवर चिडणं फुकट असतं, ढाडीचं मानधन फुकट नसतं.

म्हणून माझा मूळ मुद्दा असा. शुद्धतेची तक्रार गायकाला जड जात नाही, उलट त्याला ती स्वस्तात सोडून देते. पुढच्या अल्बमात तुंबीचा तुकडा टाकला, व्हिडिओत बैलगाडी दाखवली की तो पुन्हा आपला होतो. खरी तक्रार अशी मिटत नाही. ‘मूनचाइल्ड एरा’बद्दलची माझी तक्रार ही आहे: गाण्यामागून गाणं एकाच मध्यम चालीनं जातं, त्यामुळे अर्ध्यावर आल्यावर आपण कुठल्या गाण्यात आहोत याचं भान सुटतं. कीर्तनात तयार झालेला, वरच्या सुरात लख्ख लागणारा हा आवाज आहे. त्याच्यावर यंत्राचा इतका मुलामा चढवला आहे, की त्यातली धार बोथट होते. आणि ज्या मुलीसाठी ही गाणी आहेत, ती दिसते, चालते, बघते, पण बोलत नाही. जुन्या दोगाण्यात, म्हणजे बाई-बुवाच्या जुगलबंदीत, अमरज्योत चमकीलाला सडेतोड उत्तर देत होती. इथं उत्तर देणारं कुणी नाही. हा अल्बम मागे गेला असेल तर इथं गेला. हे तुंबी घालून दुरुस्त होणार नाही. त्यासाठी चांगला कवी लागेल, आणि गाणारी एखादी बाई.

एवढं बोलून झाल्यावर माझा हिशोब देणं भाग आहे. मी चंदीगडला आले ती २००८मध्ये. सुट्टीत गावी गेले की लावणीच्या नावाखाली आता काय चालतं म्हणून मी कुरकुरते. की-बोर्ड, रिमिक्स, डिस्को दिवे. पुण्याच्या आर्यभूषण थिएटरवरून मी शंभरदा गेले असेन, आत एकदाही पाऊल टाकलेलं नाही. स्वातंत्र्यानंतर लगेच खेर सरकारनं तमाशावर बंदी घातली आणि नंतर झाडून-पुसून, वग तपासून त्याला परवानगी दिली. ती झाडपूस ज्या पांढरपेशा रुचीसाठी झाली, तीच माझी रुची. ज्या अण्णा भाऊ साठ्यांच्या ‘माझी मैना’वर मी हक्क सांगते, ती छक्कड वाटेगावच्या मातीत नव्हे, मुंबईच्या चाळीत, गाव सुटलेल्या माणसाच्या तोंडी रुजली. आणि ‘सैराट’च्या गाण्यांमागे हॉलिवूडचा सिंफनी वाद्यवृंद आहे हे कळल्यावर २०१६मध्ये माझी छाती फुगली होती. माझ्या गावानं लॉस एंजेलिसला जावं, पंजाब्यांच्या गावानं मात्र जागचं हलू नये, असा काहीसा माझा न्याय होता.

आता अंकलजींच्या घरातली एक गोष्ट, त्यांची परवानगी घेऊन. चंदीगडची राजभाषा इंग्रजी आहे. पंजाबी मातृभाषा सांगणारे २०११च्या जनगणनेत जेमतेम २२ टक्के होते. सेक्टरांतल्या कितीतरी पंजाबी घरांत आजी-आजोबा आपसांत पंजाबी बोलतात आणि नातवंडांकडे वळले की हिंदी सुरू होते, कारण हिंदी ‘नीट’ वाटते, पंजाबी गावंढळ. अंकलजींच्या घरी तेच. त्यांचा सतरा वर्षांचा नातू, ज्याच्या फोनवर त्यांनी तो अल्बम ऐकला, घरात हिंदी आणि शाळेत इंग्रजी बोलतो. मी त्याला सहज विचारलं, यातले शब्द कळतात का? म्हणाला, सगळे नाही, मग यूट्यूबवर शोधतो, नाहीतर दादूंना विचारतो. त्या घरात कित्येक वर्षांनी कुणी आजोबांना पंजाबी शब्दाचा अर्थ विचारत होतं. आणि आजोबा चिडून सांगत होते, की या गाण्यात पंजाबी उरलेलीच नाही.

मी हे अंकलजींना बोलून दाखवलं. ते काही वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “पुत्तर, शब्द ठीक आहेत. ठेका वाईट आहे.” एवढी कबुली मला पुरली. ठेका वाईट असेल तर त्यावर भांडू. त्या भांडणात गाव, माती आणि वारसा मधे आणू नयेत.

१४ डिसेंबर २०२४ला दिलजितचा कार्यक्रम सेक्टर ३४च्या मैदानात झाला. त्याआधी शहरात चर्चा झाली ती आवाजाच्या डेसिबलांची, वाहतुकीची आणि दारूची नावं असलेल्या गाण्यांची. ती संपल्यावर पुन्हा सुरू झालं: आता हा आपला राहिलाय का? तो आपला आहे की नाही याची मला पर्वा नाही. त्यानं गावी परत यावं असंही मी म्हणणार नाही, कारण मी स्वतः जाणार नाही. पुढचा अल्बम येईल तेव्हा मी त्यात तीन गोष्टी शोधेन: शब्दांत जीव आहे का, आवाज मोकळा सुटलाय का, आणि समोरच्या बाईला बोलू दिलंय का. या तिन्हींत तो नापास झाला तर त्याला झोडायला मी अंकलजींच्याही पुढं असेन.